कार बाजारात उभं राहून छोट्या गाड्यांची तुलना कशी करायची

कार बाजारात शिरलं की तीस-चाळीस गाड्या धुऊन-पुसून ओळीत उभ्या दिसतात. टायरला पॉलिश, डॅशबोर्डला पॉलिश, काचेवर पांढऱ्या पेनाने लिहिलेलं साल आणि किलोमीटर. पहिल्यांदा गाडी घ्यायला आलेला माणूस इथेच उभा राहून ‘स्विफ्ट चांगली की आय२०?’ हा प्रश्न सोडवायला बघतो. तो प्रश्न घरी सोडवून यायचा असतो. मैदानात प्रश्न वेगळा असतो: ही समोरची स्विफ्ट चांगली, की ती पलीकडची आय२०? कंपनीने दोन्ही गाड्या कशा बनवल्या होत्या यापेक्षा मधल्या पाच-सात वर्षांत मालकांनी त्या कशा वापरल्या, याला इथे जास्त किंमत आहे. नीट सांभाळलेली वॅगन आर ही रगडलेल्या बलेनोपेक्षा कधीही बरी.

हा लेख जुन्या, म्हणजे सेकंड हँड छोट्या गाड्यांबद्दल आहे आणि महाराष्ट्रात गाडी घेणाऱ्यांसाठी आहे.

घरून निघण्याआधी

आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्या चार मीटरच्या आत बसतात, कारण २००६ च्या अर्थसंकल्पापासून चार मीटरखालच्या छोट्या गाड्यांना करात सवलत आहे. त्यामुळे बलेनो, आय२० आणि अल्ट्रोझ या तिघींची लांबी ३९९० मिलिमीटरच्या आसपास येऊन थांबते. लांबीत फारसा फरक नसला तरी रुंदी आणि उंचीत आहे. २०१९ नंतरची वॅगन आर १६२० मिमी रुंद आहे, २०२० नंतरची आय२० १७७५ मिमी. म्हणजे सहा इंचांचा फरक. जुन्या सोसायटीत दोन खांबांच्या मधे पार्किंग असेल तर या सहा इंचांवर ठरतं की तुम्ही दार उघडून उतरणार की अंग चोरून. उलट मागच्या सीटवर तिघे मोठे बसणार असतील तर वॅगन आरमध्ये खांदे घासतात. मात्र घरात गुडघे दुखणारं कोणी असेल तर तिच्या उंच सीटवर बसणं-उठणं सोपं जातं. तेव्हा पार्किंगची जागा टेपने मोजून घ्या आणि आकडा फोनमध्ये लिहून ठेवा.

डिकीचंही तसंच. टियागोची २४२ लिटर, आधीच्या पिढीच्या स्विफ्टची २६८, वॅगन आरची ३४१, अल्ट्रोझची ३४५. गणपतीला चार जणांचं सामान घेऊन कोकणात जायचं असेल तर हा आकडा तुम्हाला चांगलाच जाणवेल. सीएनजी गाडी असेल तर हे आकडे विसरा. टाटा आणि ह्युंदाईच्या नव्या दोन टाक्यांच्या रचनेचा अपवाद सोडला तर डिकी टाकीनेच भरलेली असते.

इंधनाचा निर्णय रनिंगवर घ्या. महिन्याला पाचशे-सातशे किलोमीटर फिरणाऱ्याने पेट्रोल घ्यावी, फार विचार करू नये. रोज चाकण ते हडपसर करणाऱ्याने सीएनजी बघावी. पण बाहेरून बसवलेलं किट आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) चढलेलं आहे का आणि टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी, दर तीन वर्षांनी करावी लागते) कधी झाली, हे आधी विचारावं. किट आरसीवर नसेल तर अपघातानंतर विमा कंपनी हात वर करायला मोकळी. जुनी डिझेल छोटी गाडी अॅव्हरेज उत्तम देते. पण मारुतीने २०२० मध्ये डिझेल गाड्या बनवणं थांबवलं, त्यामुळे बाजारात मिळतात त्या सगळ्या बऱ्यापैकी चाललेल्या असतात.

आणि एक मोह आवरायचा. शेवरले बीट, फोर्ड फिगो, डॅटसन गो या गाड्या त्याच वर्षाच्या मारुतीपेक्षा बऱ्याच स्वस्त दिसतात. जनरल मोटर्सने भारतात गाड्या विकणं २०१७ मध्ये थांबवलं, फोर्डने २०२१ मध्ये इथल्या बाजारासाठी गाड्या बनवणं थांबवलं, डॅटसन २०२२ मध्ये बंद झाली. फिगो चालवायला फार छान गाडी आहे, हे मी कुठेही सांगेन. पण पार्ट कुठून आणायचे हे माहीत असलेला ओळखीचा मेकॅनिक तुमच्या गावात नसेल, तर पहिली गाडी म्हणून ती नको.

या सगळ्यातून दोन, फार तर तीन मॉडेल ठरवा आणि मग बाहेर पडा.

कधी जायचं, काय न्यायचं

दिवसाउजेडी जा. पाऊस पडून गाडी ओली असेल तर रंगातला फरक दिसत नाही. ट्यूबलाइटखाली तर सगळ्याच गाड्या सुंदर दिसतात. आदल्या दिवशी फोन करून सांगा की गाडी चालू करून ठेवू नका. तरी पोचल्यावर बॉनेटवर तळहात ठेवून बघा. गरम लागलं तर त्या गाडीकडे दोन-तीन तासांनी परत या.

बरोबर मोबाईलचा टॉर्च, एक जुना रुमाल आणि गाडी विकत घ्यायची घाई नसलेला एक मित्र. मेकॅनिकला पहिल्याच फेरीत नेऊ नका; त्याचा वेळ आणि तुमचे पैसे शेवटच्या दोन गाड्यांसाठी राखून ठेवा.

पहिली फेरी: नंबर प्लेटपासून सुरुवात

दार उघडण्याआधी नंबर वाचा आणि एम-परिवहन अॅपमध्ये टाका. नोंदणीची तारीख, इंधन, विम्याची मुदत, पीयूसी आणि गाडीवर कर्ज आहे का, एवढं तिथेच कळतं. काचेवर ‘२०१९’ लिहिलेलं असतं ते बहुतेक वेळा पासिंगचं साल. आरसीवर उत्पादनाचा महिना वेगळा छापलेला असतो. डिसेंबर २०१८ ची गाडी जानेवारी २०१९ मध्ये पास झाली असेल तर भाव २०१८ चा लावायचा.

हे साल नुसत्या भावापुरतं नाही. एप्रिल २०१९ पासून सगळ्या गाड्यांना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचं झालं. जुलै २०१९ पासून चालकाची एअरबॅग, मागचे पार्किंग सेन्सर आणि वेगाची सूचना देणारा बझर आला. एप्रिल २०२० पासून बीएस-६ (प्रदूषणाच्या कडक निकषांचं) इंजिन, आणि २०२१ संपेपर्यंत पुढच्या दोन्ही सीटना एअरबॅग. त्यामुळे शेजारी शेजारी उभ्या असलेल्या, रंगही एकच असलेल्या दोन बेसिक मॉडेलमध्ये एक २०१८ ची आणि एक २०२१ ची असेल, तर त्या प्रत्यक्षात दोन वेगळ्या गाड्या आहेत. तीस हजारांचा फरक सांगत असतील तर डोळे झाकून २०२१ ची बघा. सुरक्षेच्या बाबतीत मॉडेलमॉडेलमध्येही अंतर आहे: ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या टक्कर-चाचणीत अल्ट्रोझला २०२० मध्ये आणि पंचला २०२१ मध्ये प्रौढ प्रवाशांसाठी पाच तारे मिळाले, तर वॅगन आरला २०२३ मध्ये एकच. एक्स्प्रेसवेवर नियमित जाणाऱ्याने हे मनावर घ्यावं.

पासिंगही वाचा. जीए म्हणजे गोव्याची गाडी. ती आधी ‘रेंट अ कार’ म्हणून काळ्या पाटीवर चालली होती का, ते विचारा. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आले, तेव्हापासून तिकडच्या गाड्या स्वस्तात इकडे येतात. परराज्यातली गाडी कायमची इथे ठेवायची तर तिथल्या आरटीओची एनओसी लागते आणि महाराष्ट्राचा कर नव्याने भरावा लागतो. स्वस्ताई बरीचशी तिथेच संपते.

दुसरी फेरी: पत्रा

इथे वेळ घालवा. इंजिनाचं काम करून घेता येतं, क्लच बदलता येतो. जोरात ठोकून सरळ केलेली गाडी मात्र पुन्हा पहिल्यासारखी होत नाही.

गाडीच्या मागच्या कोपऱ्यात गुडघ्यावर बसा आणि पत्र्याच्या रेषेवरून पुढे नजर टाका. शेजारच्या इमारतीचं किंवा विजेच्या तारेचं प्रतिबिंब दारांवर सरळ जात असलं पाहिजे. एखाद्या दारावर ते हललेलं, लहरी दिसलं तर तिथे लांबी (पुट्टी) भरून पेंट केलेलं आहे. दारं आणि बॉनेट यांच्यामधल्या फटी डावीकडे आणि उजवीकडे सारख्या हव्यात. दाराचं रबर थोडं ओढून आतला पत्रा बघा: कंपनीचे स्पॉट वेल्डिंगचे गोल खळगे ठरावीक अंतराने दिसतात. ते गायब असतील किंवा त्यांच्या जागी जाड, ओबडधोबड सीलंट असेल, तर पिलरला, म्हणजे छत पेलणाऱ्या खांबाला, काम झालेलं आहे. ती गाडी तिथेच सोडा, भाव कितीही कमी असो.

मग बॉनेट उघडा. बॉनेटच्या बिजागरीचे आणि फेंडरचे बोल्ट बघा. कंपनीतून आलेल्या बोल्टवर गाडीचाच रंग असतो, कडांवर अखंड. पाना लागलेल्या बोल्टच्या कडांवरून रंग उडालेला असतो. एका बाजूचा फेंडर बदललेला असणं म्हणजे फार काही नाही. पुण्या-मुंबईत दुचाकीवाले वर्षभरात तेवढं काम लावतातच. पण दोन्ही फेंडर, बॉनेट आणि हेडलाइट एकदम नवे असतील तर समोरून मोठा मार आहे. आतल्या एप्रनवर, म्हणजे सस्पेन्शनच्या वरच्या पत्र्यावर, सुरकुत्या दिसतात का ते टॉर्चने बघा. डीलर ‘नॉन अॅक्सिडेंटल’ म्हणतो तेव्हा ‘एप्रन आणि पिलर ओरिजिनल आहेत असं लिहून देता का?’ एवढंच विचारा.

काचांवर बारीक अक्षरात कंपनीचं नाव आणि सालाची खूण असते. सगळ्या काचा एकाच सालाच्या आणि एकच वेगळी, तर ती का बदलली ते विचारायचं.

आता पुराचं. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली, जुलै २०२१ मध्ये चिपळूण पाण्याखाली गेलं, आणि तेव्हा बुडालेल्या सगळ्या गाड्या काही भंगारात गेल्या नाहीत. त्या भागातल्या प्रत्येक गाडीवर संशय घ्यायचं कारण नाही, आणि बुडालेली गाडी दुसऱ्याच शहरात विकायलाही येते. त्यामुळे ही तपासणी सगळ्याच गाड्यांची करा. मागच्या सीटचा पट्टा शेवटपर्यंत बाहेर ओढा. पुढचे पट्टे धुतात, मागचे सहसा कोणी धूत नाही. पट्ट्याच्या शेवटच्या हातभर भागावर मातकट रेषा किंवा चिखलाचा डाग दिसला, तर पाणी सीटच्या वर गेलं होतं. डिकीतली स्टेपनी उचलून खालचा खळगा बघा. कार्पेटचा कोपरा उचलून नाक जवळ न्या. फवारलेल्या परफ्यूमच्या खालून कुबट वास येतो तो लपत नाही. तसं काही आढळलं तर घासाघीस करत बसू नका, सरळ निघा. या गाड्यांचं वायरिंग पुढे वर्षानुवर्षं त्रास देतं.

टायरच्या बाजूवर चार आकडी तारीख असते. ‘२३१९’ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. चारही टायरवर ती वाचा. खाचांमध्ये मधेमधे १.६ मिमी उंचीचे छोटे उंचवटे असतात; रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं की टायर संपला. एका बाजूने जास्त झिजला असेल तर चाकांचं अलाइनमेंट बिघडलंय, किंवा त्याहून वाईट काहीतरी.

मीटरवर किती, गाडीवर किती

मीटर मागे करणं हे या धंद्यातलं उघड गुपित आहे. आकड्यापेक्षा गाडीकडे बघा. ३५ हजार किलोमीटर सांगितलेल्या गाडीचं क्लच पेडलचं रबर गुळगुळीत झालेलं नसतं, स्टिअरिंग चकचकीत नसतं, ड्रायव्हर सीटची उजवी कड बसलेली नसते. पेडलचं रबर अगदी कोरं असेल तरी विचारात पडा. ते दोन-तीनशे रुपयांत बदलून मिळतं. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा रेकॉर्ड मागा. दर वेळचे किलोमीटर त्यात तारखेनिशी असतात. ‘रेकॉर्ड नाही, बाहेर सर्व्हिस केली’ हे उत्तर पाच वर्षांपुढच्या गाडीसाठी चालेल, तीन वर्षांच्या गाडीसाठी नाही.

‘डॉक्टरांची गाडी आहे, फक्त क्लिनिकला न्यायचे’ हे ऐकून घ्या आणि सोडून द्या.

इंजिन थंड असताना

स्टार्टर तुम्ही मारा आणि मित्राला मागे सायलेन्सरजवळ उभं करा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय. सकाळच्या गारव्यात पांढरी वाफ निघते ती मिनिटाभरात जायला हवी; नाहीच गेली तर कूलंट आत जात असण्याची शक्यता. ऑइल भरायचं झाकण उघडून आतून बघा. पिवळट साय जमली असेल तर मेकॅनिकला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. किल्ली फिरवली की एअरबॅगचा दिवा लागून विझायला हवा. लागलाच नाही तर तो कुणीतरी मुद्दाम तोडलेला असू शकतो, आणि मग आत एअरबॅग आहे का हाच प्रश्न.

इथे नवख्याची एक फसगत होते. टियागो, अल्ट्रोझ, पंच यांचं ११९९ सीसी पेट्रोल इंजिन तीन सिलिंडरचं आहे. ह्युंदाईची ग्रँड आय१० निऑस, आय२० आणि २०२४ आधीची पेट्रोल स्विफ्ट यांचं ११९७ सीसी इंजिन चार सिलिंडरचं. उभ्या गाडीत तीन सिलिंडरचं इंजिन स्टिअरिंगवर थोडं थरथरतंच, ते त्याचं मूळ लक्षण. टियागोची निऑसशी तुलना करून ‘हिचं इंजिन गेलेलं’ असं ठरवू नका. टियागोची तुलना दुसऱ्या टियागोशीच करा. तेवढ्यासाठी बाजारातली दुसरी टियागो चालू करून ऐकायला काही हरकत नाही.

चालवून बघताना

प्रत्येक गाडी एकाच रस्त्यावर चालवा, नाहीतर तुलना होत नाही. एक खडबडीत पट्टा, दोन-तीन स्पीडब्रेकर, एक चढ आणि एक यू-टर्न मिळाला की पुरे. गाणी बंद, आधी एसीही बंद, काचा खाली.

चढावर दुसऱ्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर दाबा. इंजिनाचा आवाज चढतो पण गाडी तेवढी पुढे जात नाही, तर क्लच प्लेट संपलेली. स्पीडब्रेकरवर हळू जाताना ‘कट-कट’ आवाज आला तर सस्पेन्शनचा लोअर आर्म किंवा बुश झिजलेला. यू-टर्नला स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर ‘टक-टक’ आला तर चाकाला फिरवणारा ड्राइव्ह शाफ्ट गेलेला. ही सगळी दुरुस्त होणारी कामं आहेत, त्यामुळे ती भाव पाडायच्या यादीत जातात. सपाट रस्त्यावर स्टिअरिंग हलकं सोडल्यावर गाडी एका बाजूला जोरात ओढत असेल तर अलाइनमेंटचा खर्च धरा. पण आधीच पत्र्यात शंका आली असेल तर ती आता पक्की समजा.

एएमटी, म्हणजे क्लच पेडल नसलेली आणि गिअर आपोआप बदलणारी गाडी, गिअर बदलताना थोडी डुलते, तो तिचा स्वभाव. पण पहिल्या गिअरमध्ये पुढे सरकताना धक्के देत असेल किंवा चढावर मागे येऊन मग उचलत असेल तर क्लच आणि अॅक्च्युएटर तपासून घ्या. हे काम महाग पडतं.

शेवटी एसी लावून दहा मिनिटं ट्रॅफिकमध्ये उभे राहा. रेडिएटरचा पंखा चालू-बंद झाला पाहिजे, तापमानाचा काटा हलता कामा नये आणि थंडावा टिकला पाहिजे.

भाव कसा मांडायचा

प्रत्येक गाडीसाठी सांगितलेली किंमत आणि त्याखाली पहिल्या तीन महिन्यांत घालावा लागणारा खर्च लिहा. समजा, एक बलेनो ५ लाख २० हजार सांगतात, विमा अजून दहा महिने आहे, टायर गेल्या वर्षीचे. शेजारची दुसरी ४ लाख ९० हजार. तिचे चारही टायर संपलेले, क्लच घसरतोय, विमा पुढच्या महिन्यात संपतो. टायर, क्लच आणि विमा मिळून तीस हजार कधीच ओलांडतात. ‘स्वस्त’ गाडी कोणती, हे कागदावरच कळतं.

विम्याच्या पॉलिसीवरची आयडीव्ही, म्हणजे विमा कंपनीने धरलेली गाडीची किंमत, बघा. पहिल्या पाच वर्षांत ती ठरलेल्या टक्केवारीने कमी होते (चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के घसारा), त्यामुळे ती घासाघीस सुरू करायला एक आधार देते. बाजारभाव तिच्यापेक्षा बराच वेगळा असू शकतो, मारुतीच्या बाबतीत बहुधा वर. आणि नव्या गाडीचा आजचा भाव जरूर काढा. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, नव्या गाड्या स्वस्त झाल्या. दोन वर्षांच्या जुन्या गाडीला डीलर त्याआधीच्या हिशोबाने भाव सांगत असेल तर नव्या गाडीचं कोटेशन त्याच्यासमोर ठेवा. ‘जीएसटी वेगळा’ म्हणाला तर लक्षात ठेवा, नोंदणीकृत डीलरला हा कर सर्वसाधारणपणे त्याच्या नफ्यावर लागतो, तुम्ही देणार त्या पूर्ण रकमेवर नाही.

कागद आणि पैसे

आता मेकॅनिकला बोलवा, उरलेल्या दोन गाड्या दाखवा आणि त्याने होकार दिलेल्या गाडीचे मूळ कागद मागा. आरसीवरचा चासी नंबर गाडीवर कोरलेल्या नंबराशी स्वतः जुळवा. आरसीवर बँकेचं नाव असेल तर बँकेची एनओसी आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ (आरसीवरून कर्जाची नोंद काढायचा) हातात आल्याशिवाय टोकनपलीकडे एक रुपया देऊ नका. एनओसीची तारीखही बघा. गाडी नावावर करायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. आरसीवरच्या मालकाची सही त्यावर हवी, ‘सही नंतर आणून देतो’ चालणार नाही. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावं लागतं, ते दाखवायला सांगा. नंबर टाकून थकलेली ई-चलनं काढा आणि ती विकणाऱ्याकडून भरून घ्या. गाडी एप्रिल २०१९ च्या आधीची असेल तर नवी सुरक्षा नंबर प्लेट बसवलेली आहे का, तेही बघा.

पैसे बँकेतून द्या. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्याने बंदी आहे. ‘थोडे कॅशमध्ये द्या’ म्हणाले तर तेवढी पावती मागा. डिलिव्हरी नोटवर तारखेबरोबर वेळही लिहून घ्या. त्या दिवशी सकाळी कोणी सिग्नल तोडला असेल तर ते चलन कुणाचं, हे त्यावर ठरतं.

गाडी नावावर झाली की १४ दिवसांत विमा आपल्या नावावर करून घ्या. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, त्यामुळे प्रीमियमचा थोडा फरक भरावा लागेल. काचेवरचा जुना फास्टॅग खरवडून काढा आणि स्वतःच्या नावाचा लावा. तो राहिला आणि त्या मालकाने मधेच बंद केला, तर खालापूरच्या टोलनाक्यावर दुप्पट पैसे तुम्हीच मोजाल.